बी ते बी : शाळेच्या वाफ्यातून सेंद्रिय शेतीचे शिक्षण

मराठीत जिला सेंद्रिय शेती म्हणतात, तिला गुजरातीत ‘सजीव खेती’ हे नाव रूढ आहे. माती ही रोपाला उभे राहण्यासाठी दिलेली निर्जीव जागा नसून असंख्य जिवांचे घर आहे, हा विचार त्या नावातच सामावलेला आहे. विद्यार्थ्यांना तो पाठ्यपुस्तकातून सांगता येतो. त्याची प्रचिती मात्र हात मातीत गेल्यावाचून येत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष कृतींतून सेंद्रिय शेती शिकवण्याचे प्रयोग देशात अनेक ठिकाणी झाले आणि होत आहेत.

गोव्यातही दर पावसाळ्यात शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी चिखलात उतरून भाताची लावणी करतात. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु लावणीनंतरची बेणणी, कीडरोग, कापणी, मळणी आणि पुढच्या वर्षासाठी बियाणे राखून ठेवणे, यांपैकी काहीही बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. एका दिवसाच्या लावणीतून शेतीविषयी आस्था निर्माण होते, शेतीचे ज्ञान मिळत नाही. ज्ञान मिळायचे तर विद्यार्थ्याने बियाण्यापासून बियाण्यापर्यंतचा पूर्ण फेरा पाहिला पाहिजे. प्रात्यक्षिक शिक्षणाच्या या मुख्य सूत्राचा विचार करताना बडोदा, म्हणजे आजचे वडोदरा, या मराठी माणसाशी जवळचे नाते असलेल्या शहराचा इतिहास उपयोगी पडतो.

बडोद्याचा वारसा

शेतीच्या शिक्षणाचा प्रश्न मराठीत ठामपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या मिळावी, शेतकीची प्रदर्शने भरवावीत आणि उत्तम मशागत करणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे उपाय त्यांनी सुचवले. या ग्रंथाचा काही भाग त्यांनी बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांना वाचून दाखवला होता. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मले होते आणि दत्तकविधानाने १८७५ मध्ये गादीवर आले होते.

त्यांच्या कारकिर्दीत बडोदे संस्थानाने शिक्षणाचे अनेक प्रयोग केले. १८९० मध्ये हस्तकौशल्य आणि तांत्रिक शिक्षणासाठी कलाभवन स्थापन झाले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू करण्यात आला. खासेराव जाधव यांना शेतकीच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. परतल्यावर त्यांची कारकीर्द मुख्यतः महसुली सेवेत, सुभेपदावर गेली. परदेशात मिळवलेली शेतकीची विद्या आणि गावच्या शिवारातील नांगर यांच्यात किती अंतर राहू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. बडोद्यात ‘मॉडेल फार्म’ हे नाव मात्र आजही टिकून आहे. तेथे आणंद कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे.

विनोबा, नई तालीम आणि ऋषिशेती

हे अंतर कमी करण्याचा दुसरा मार्ग बडोद्यातच शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याने पुढे दाखवला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यास आले. तेथील शाळेत आणि महाविद्यालयात ते शिकले. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीला गेले आणि पुढे गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. शरीरश्रम आणि ज्ञान यांची फारकत हा शिक्षणाचा मूळ दोष आहे, हे त्यांच्या शिक्षणविचाराचे सार होते. वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात त्यांनी बैलांशिवाय, केवळ माणसाच्या हातांनी करावयाच्या शेतीचा प्रयोग केला. तिला त्यांनी ‘ऋषिशेती’ म्हटले. बैलांच्या साहाय्याने होणारी ती ‘ऋषभशेती’ आणि यंत्राने होणारी ती ‘इंजिनशेती’, असा भेद त्यांनी केला होता.

याच काळात शिक्षणाला श्रमाशी जोडणारी नई तालीम आकाराला आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगावर आधारित अभ्यासक्रम तयार केला. सूतकताई, सुतारकाम यांबरोबर शेती हाही त्यातील एक मूलोद्योग होता. शेती हा गणित, विज्ञान, भूगोल आणि भाषा शिकण्याचा मार्ग व्हावा, अशी ही कल्पना होती. वाफ्याचे क्षेत्रफळ काढताना गणित, पाऊस मोजताना भूगोल आणि नोंदवही लिहिताना भाषा आपोआप शिकली जाते. सेवाग्राम येथे २००५ मध्ये सुरू झालेली ‘आनंद निकेतन’ शाळा हा वारसा आजच्या काळात चालवत आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमानेही ‘काम करत शिकणे’ हेच सूत्र धरले. तेथील अभ्यासक्रमात शेती व पशुपालन हा एक स्वतंत्र विभाग आहे.

सजीव खेतीचे केंद्र

बडोद्याच्या गोत्री भागातील विनोबा आश्रमात ‘जतन’ ही संस्था काम करते. कृषिशास्त्राचे शिक्षण घेतलेले कपिल शाह यांच्या पुढाकाराने चाललेली ही संस्था गुजरातमधील सजीव खेतीच्या चळवळीचे एक महत्त्वाचे केंद्र मानली जाते. शेतकऱ्यांना मार्गदर्शन, साहित्यप्रसार आणि सेंद्रिय उत्पादने शहरातील ग्राहकांपर्यंत पोहोचवणे, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे. संस्थेचे नावही सूचक आहे. जतन करणे म्हणजे सांभाळणे, राखणे. मराठीत आणि गुजरातीत या शब्दाचा अर्थ एकच आहे.

गुजरात-महाराष्ट्र सीमेवरील उंबरगावजवळच्या देहरी गावी भास्कर सावे यांनी उभी केलेली ‘कल्पवृक्ष’ बाग याच परंपरेत मोडते. १९२२ मध्ये जन्मलेले सावे पूर्णवेळ शेतीकडे वळण्यापूर्वी प्राथमिक शिक्षक होते. नारळ, चिकू आणि इतर झाडांच्या मिश्र लागवडीची ही बाग शनिवारी दुपारी पाहुण्यांसाठी खुली असे. जपानचे नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक मासानोबू फुकुओका यांनीही तिला भेट दिली होती. २०१५ मध्ये सावे यांचे निधन झाले. शेतकऱ्याची बाग हीच शाळा कशी होऊ शकते, याचा हा नमुना होता. बडोद्याशेजारच्या पंचमहाल जिल्ह्यातील हालोल येथे तर आता नैसर्गिक शेतीला वाहिलेले राज्य विद्यापीठ आहे.

प्रात्यक्षिक म्हणजे काय?

शाळेच्या आवारात कंपोस्टचा खड्डा खणला म्हणजे सेंद्रिय शेतीचे शिक्षण झाले, असे होत नाही. कृती शैक्षणिक ठरण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. कृतीपूर्वी एक प्रश्न हवा, कृतीदरम्यान मोजमाप हवे आणि कृतीनंतर तुलना हवी. ‘शेणखताने माती सुधारते’ हे वाक्य पाठ करणे आणि खत घातलेल्या व न घातलेल्या वाफ्यात पाणी किती वेळात जिरते हे घड्याळ लावून पाहणे, यांत मूलभूत फरक आहे.

त्यासाठी सर्वांत सोपी रचना तीन वाफ्यांची. प्रत्येक वाफा साधारण १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही. पहिल्या वाफ्यात काहीही घालू नये. दुसऱ्यात कुजलेले खत घालावे. तिसऱ्यात खताबरोबर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. बियाणे, पाणी आणि पेरणीचा दिवस तिन्ही वाफ्यांसाठी एकच असावा. पहिला वाफा अनेकदा ‘वाया गेलेला’ वाटतो. वास्तविक तोच सर्वांत मोलाचा, कारण त्याच्यावाचून इतर दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही.

पहिला पाठ : माती

मातीची ओळख बरणीच्या प्रयोगाने करून देता येते. काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश माती घालून ती पाण्याने भरावी, जोरात हलवावी आणि स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती त्यानंतर, कधी दिवसभराने. थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीचा पोत समजतो. बडोद्याच्या परिसरातील काळ्या जमिनीत आणि तेथे ‘गोराडू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाळाच्या जमिनीत हे थर वेगवेगळे दिसतात. गोव्यातील जांभ्याच्या लाल मातीत ते आणखी निराळे असतात.

दुसरा प्रयोग पाणी जिरण्याचा. दोन्ही बाजूंनी उघडा डबा जमिनीत थोडा रोवून त्यात ठरावीक पाणी ओतावे आणि ते पूर्ण जिरण्यास लागणारा वेळ नोंदवावा. तिसरा प्रयोग गांडुळांच्या गणतीचा. पावसाळ्यात ओलावा असताना ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा मातीचा ठोकळा काढून त्यातील गांडुळे मोजावीत आणि पुन्हा मातीत सोडावीत. हीच मोजणी वर्षभराने केल्यास मातीत जीव वाढला की घटला, याचे उत्तर विद्यार्थ्यांना स्वतःच मिळते. गोव्यातील जांभ्याची माती सामान्यतः आम्लधर्मी असते. तिचा सामू साध्या चाचणीपट्टीने पाहता येतो.

दुसरा पाठ : खत

कंपोस्टच्या आधुनिक शास्त्राचा पाया भारतात आणि एका मराठी संस्थानातच घातला गेला. होळकरांच्या इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत विकसित केली, ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यासंबंधीच्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते.

शाळेत ही पद्धत लहान प्रमाणात राबवता येते. ढीग लांबी, रुंदी आणि उंचीने किमान १ मीटर असावा. त्याहून लहान ढीग पुरेसा तापत नाही. सुका पाला, काड्या यांचे थर अधिक आणि हिरवा पाला, भाजीचा कचरा, शेण यांचे थर कमी ठेवावेत. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस १ असे असले म्हणजे कुजण्याची क्रिया नीट होते. ओलावा मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब पाणी यावे इतका असावा. पहिल्या आठवड्यात ढिगाच्या मध्यभागी तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते. लांब तापमापकाने रोज नोंद घेऊन त्याचा आलेख काढणे, हा विज्ञानाच्या तासाचा उत्तम विषय आहे. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग परतल्यास साधारण तीन महिन्यांत खत तयार होते.

गोव्यातील पावसात ढिगावर छप्पर हवेच, अन्यथा पोषकद्रव्ये वाहून जातात. काजू आणि आंब्याची जाड पाने बारीक करून घालावीत. मासळीचा कचरा उघड्या ढिगात टाकू नये. त्याने कुत्री आणि माश्या येतात. गांडूळखताचे खोके वर्गाच्या व्हरांड्यातही ठेवता येते. त्याला सावली, ओलावा आणि साधारण २० ते ३० अंश तापमान मानवते आणि ४५ ते ६० दिवसांत खत मिळते.

विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रसृत केलेले जीवामृतही अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांकडून करवून घेतले जाते. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असे त्याचे प्रमाण आहे. शाळेसाठी त्याचा दहावा हिस्सा पुरतो. मात्र जीवामृताच्या गुणांचे वर्णन करून थांबू नये. चौथा वाफा त्यासाठी राखावा आणि परिणाम मोजावा. श्रद्धा किंवा अश्रद्धा यांपेक्षा मोजणी विद्यार्थ्याला अधिक शिकवते.

तिसरा पाठ : बियाणे

पेरणीपूर्वी उगवणक्षमता तपासणे हे जुन्या शेतकऱ्याचे नित्याचे काम होते. ओल्या गोणपाटावर किंवा सुती कापडावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओली ठेवावी आणि मोड आलेले दाणे ठरावीक दिवसांनी मोजावेत. भाताच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ८० टक्के उगवणक्षमता अपेक्षित असते. भाताचे पोचट दाणे वेगळे करण्यासाठी मिठाच्या पाण्याची रीत आहे. अंडे तरंगेल इतके मीठ पाण्यात घालावे. जे दाणे वर येतात ते काढून टाकावेत, तळाशी बसलेले स्वच्छ पाण्याने धुऊन पेरावेत. घनतेचा पाठ यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच शिकवता येईल.

बियाणे राखण्याची सुरुवात स्वपरागीकरण होणाऱ्या पिकांपासून करावी. भात आणि चवळीवर्गातील अळसांदे यांचे बी पुढच्या वर्षी बहुधा मूळ वाणासारखेच येते. वांगी, मिरची आणि भेंडी यांच्यात काही प्रमाणात परपरागीकरण होत असल्याने निवडक फुलांवर मलमलची पिशवी बांधावी लागते. काकडी, दुधी, भोपळा यांचे शुद्ध बी राखणे अधिक कठीण. ते वरच्या वर्गांसाठी ठेवावे. वाळलेला दाणा दाताखाली धरल्यावर कट्कन तुटला म्हणजे तो साठवणीस योग्य झाला. राख आणि कडुनिंबाचा सुका पाला घालून तो हवाबंद बरणीत ठेवता येतो.

गोव्यासाठी हा पाठ विशेष महत्त्वाचा आहे. खोलाची मिरची, हरमलची मिरची, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खाजन जमिनीतील खारे पाणी सोसणारा कोरगुट भात ही तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीची देणगी आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते. वाणाचे रक्षण तो दरवर्षी पेरला गेला तरच होते. शंभर वर्षे सांभाळलेले बी दोन-चार वर्षे पेरले नाही तर त्याची उगवणशक्ती जाते आणि वाण कायमचा संपतो. शाळेच्या वाफ्यात असा एक वाण दरवर्षी पेरला जाणे, ही शिक्षणाइतकीच संवर्धनाची कृती ठरते.

चौथा पाठ : कीटक

पानावर किडा दिसला की फवारणी करावी, ही समजूत शहरी मुलांतही रुजलेली असते. ती दूर करण्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, दहा रोपांचे निरीक्षण करावे. मावा, तुडतुडे, पाने खाणाऱ्या अळ्या एका रकान्यात. कोळी, चतुर, प्रार्थनाकीटक आणि ठिपक्यांचे ढालकिडे दुसऱ्या रकान्यात नोंदवावेत. काही आठवड्यांत मावा वाढल्यावर ढालकिडे वाढतात आणि मग मावा घटतो, हा क्रम अनेकदा दिसून येतो. पिवळ्या रंगाच्या पुठ्ठ्यावर एरंडेल लावून केलेला चिकट सापळा, वाफ्याच्या कडेने लावलेला झेंडू आणि निंबोळी अर्क हे शाळेत करता येण्याजोगे उपाय आहेत. निंबोळी अर्कासाठी १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळून घ्यावी.

‘सेंद्रिय’ म्हणजे ‘निर्धोक’ असे मात्र समजू नये. दशपर्णी अर्कात कण्हेर, धोतरा, रुई यांसारख्या विषारी वनस्पती वापरल्या जातात आणि तंबाखूच्या अर्कातील निकोटीनही विषारी असते. हे अर्क विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नयेत.

गोव्याच्या ऋतूंप्रमाणे वर्षाचे नियोजन

बडोद्याचे वेळापत्रक गोव्यात जसेच्या तसे चालणार नाही. तेथे वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर. येथे सरद आणि वायंगण या दोन हंगामांभोवती नियोजन करणे श्रेयस्कर.

जून महिन्यात बियाण्याची चाचणी आणि भाताची रोपवाटिका. जुलैमध्ये साधारण २१ दिवसांच्या रोपांची लावणी. ऑगस्टमध्ये बेणणी आणि कीटकनिरीक्षण. ऑक्टोबरमध्ये कापणी, मळणी आणि बियाण्याची निवड. नोव्हेंबरपासून वायंगण हंगामात मिरची, वांगी, अळसांदे आणि पालेभाज्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी धरणे, वाळवणे आणि साठवणे. कंपोस्टचा ढीग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर रचावा.

खरी अडचण सुट्ट्यांची असते. चतुर्थी आणि दिवाळीच्या सुट्टीत वाफ्याकडे कोण पाहणार, हे जूनमध्येच ठरलेले असावे. पाळीपत्रक करून पालक आणि आसपासचे ग्रामस्थ यांना त्यात सहभागी करून घेतल्यास उपक्रम मध्येच सुटत नाही. ज्या शाळांना जमीन नाही, त्यांनी कुंड्या आणि पिशव्यांतून लहान प्रमाणात हेच प्रयोग करावेत. छतावर वजन ठेवण्यापूर्वी इमारतीची क्षमता जाणकाराकडून तपासून घ्यावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त काळाची तरतूद आहे. या दहा दिवसांत विद्यार्थ्यांनी स्थानिक कारागीर, माळी, कुंभार यांच्याकडून प्रत्यक्ष काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. हे दहा दिवस सलग न घेता पेरणी, लावणी, बेणणी, कापणी आणि बियाणे साठवणे अशा टप्प्यांवर विभागले, तर पिकाचा पूर्ण फेरा त्यात बसू शकतो.

आवश्यक दक्षता

शेण आणि माती हाताळल्यावर साबणाने हात धुणे, जखम असल्यास ती झाकणे आणि धनुर्वाताची लस घेतलेली असणे आवश्यक आहे. पावसाळी चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून पायाला जखम असलेल्या विद्यार्थ्यांना शेतात उतरवू नये. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ताजे शेण किंवा जीवामृत वरून देऊ नये. पूर्ण कुजलेले खतच वापरावे. गवत आणि पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे, ही गावची जुनी शिकवण शाळेतही पाळावी.

दावा आणि पुरावा

वाफ्यात रासायनिक खत घातले नाही म्हणून पहिल्याच वर्षी उत्पादनाला ‘सेंद्रिय’ म्हणता येत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या निकषांनुसार हंगामी पिकांसाठी किमान दोन वर्षांचा आणि बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ ठरलेला आहे. शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची तपासणी करण्याची सहभागी हमी पद्धतही देशात अस्तित्वात आहे. दोन वर्गांनी एकमेकांच्या वाफ्यांची नोंदवही तपासून ही पद्धत शाळेत अनुभवता येते. बाजारातील वेष्टनावरचा ‘सेंद्रिय’ हा शब्द तपासून पाहण्याची सवय त्यातून लागते.

उत्पादनाबाबतही स्पष्टता हवी. २०१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात सेंद्रिय पद्धतीचे उत्पादन पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळले होते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भात आणि चहाच्या उत्पादनाला फटका बसल्यावर काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. दुसरीकडे सिक्कीमने अनेक वर्षांच्या टप्प्याटप्प्याने केलेल्या तयारीनंतर २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्याचा मान मिळवला. माती सुधारण्यास वेळ लागतो आणि तो वेळ टाळता येत नाही, हा या उदाहरणांचा बोध आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली आहे. अशा योजनांचे यशापयश जोखणारे नागरिक शाळेच्या वाफ्यावरच घडू शकतात.

म्हणून मूल्यमापन उत्पन्नाच्या वजनावर करू नये, नोंदवहीवर करावे. पीक बुडाले आणि ते का बुडाले हे विद्यार्थ्याने नोंदींच्या आधारे सांगितले, तर तो उत्तीर्ण समजावा. भाजी उत्तम आली पण नोंदवही कोरी राहिली, तर पाठ अपुरा राहिला असे मानावे.

गोव्यापुढील प्रश्न

गोव्यात या शिक्षणासाठी लागणारी साधने उपलब्ध आहेत. जुने गोवे येथील एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, केपे तालुक्यातील सुळकर्णे येथे २०१५ पासून कृषी महाविद्यालय आहे, राज्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत. देशभरातील सेंद्रिय शेतकऱ्यांना एकत्र आणणाऱ्या भारतीय सेंद्रिय शेती संघटनेचे कामही क्लॉड आल्वारिस यांच्या पुढाकाराने गोव्यातूनच चालत आले आहे.

उणीव आहे ती वेळेची आणि माणसांची. मानशीचे दार कधी उघडावे, कोणत्या मेरेत कोणता भात टिकतो, अळसांद्याचे बी कोणत्या राखेत ठेवावे, हे ज्यांना तोंडपाठ आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे. शेते पडीक राहू लागली की हे ज्ञान उपयोगाविना पडून राहते आणि माणसांबरोबर संपते. अशा शेतकऱ्यांना सत्काराची शाल देण्याबरोबरच मानधन देऊन वर्षभराचे अतिथी शिक्षक म्हणून शाळेत आणणे, हे या उपक्रमाचे सर्वांत महत्त्वाचे अंग ठरेल. शिक्षकाला विज्ञान ठाऊक असते, शेतकऱ्याला जमीन. विद्यार्थ्याला दोघांची गरज असते.

वर्षाअखेरीस प्रत्येक वर्गाने एक बरणी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. तिच्या चिठ्ठीवर वाणाचे नाव, ते कोणत्या गावाहून आणले, कोणत्या वर्षी पिकवले आणि १०० पैकी किती दाणे उगवले, एवढे लिहिलेले असावे. जूनमध्ये नवा वर्ग ती बरणी उघडून पहिली चाचणी घेईल, तेव्हा मागील वर्गाचा अभ्यास किती नीट झाला होता, हे मोड आलेले दाणेच सांगतील.